खाल्लेलं अंगी लागतंय का? ताकद आणि स्नायू वाढवण्याचा स्वतःवरचा प्रयोग, योग्य क्रमानं

लातूरच्या ज्या व्यायामशाळेत मी सकाळी जातो, तिथं दर जून-जानेवारीत नवी पोरं येतात. कुणी पोलीस भरतीच्या तयारीतलं, कुणी कॉलेजचं, कुणी लग्न ठरलेलं. पहिल्याच आठवड्यात सगळं एकदम सुरू होतं. आठवड्यात सहा दिवस व्यायाम, सकाळी दहा अंडी, प्रोटीन पावडरचा डबा, शिवाय मित्राच्या मोबाईलमधला डाएट प्लॅन. अडीच महिन्यांनी त्यातली निम्मी दिसेनाशी होतात. का सोडलं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘अंगाला लागत नाही.’

कष्टात ही पोरं कमी पडत नाहीत, त्यांचा क्रम चुकतो. माझाही चुकला होता. पहिल्या तीन महिन्यांत माझं वजन पाच किलोनं वाढलं, म्हणून मी खूश होतो. टेप लावली तेव्हा कळलं की कंबर ७ सेंटिमीटर वाढलीय आणि दंड जेमतेम अर्धा. अंडी, पावडर, व्यायाम आणि रात्रीचं जास्तीचं जेवण एकाच दिवशी सुरू केलेलं, त्यामुळे बिघडलं कशानं हे शोधायला मार्गच नव्हता. ते तीन महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून पुढचा क्रम सविस्तर लिहितो. यातला कुठलाही टप्पा ओलांडून पुढे जाऊ नका.

टप्पा १: सुरुवातीआधीची तपासणी आणि सामान

रक्ताच्या चार-पाच तपासण्या आधी करून घ्या: हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते यावरून कळतं), व्हिटॅमिन बी-१२ आणि डी. रक्तदाबही मोजा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार नेहमीचं आहे. ते कमी असेल तर थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात आणि माणूस व्यायामालाच दोष देत बसतो. हिमोग्लोबिन ९ वर असताना कितीही अंडी खाल्ली तरी दम टिकणार नाही. आधी डॉक्टरांकडून ते सुधारून घ्यायचं, मग पुढचं. हर्निया, जुनं कंबरेचं दुखणं, छातीत दुखणं, किडनीचा त्रास यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका.

सामान थोडंच लागतं:

- शंभर पानी वही. मोबाईलमधलं ॲप चालेल, पण घामाच्या हातानं वही लवकर लिहून होते.
- शिंप्याची टेप.
- स्वयंपाकघरात ठेवायचा, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा.
- स्वतःचं वजन करायला एकच ठरलेला काटा. घरी नसेल तर किराणा किंवा आडत दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, पण दरवेळी तोच हवा. दोन काट्यांत सहज एक-दीड किलोचा फरक असतो आणि आपण महिन्याला तेवढीच वाढ शोधणार आहोत.

टप्पा २: दोन आठवडे काहीही बदलू नका

हाच टप्पा सगळ्यांना जड जातो. अंगात जोश असताना नुसतं लिहीत बसायचं! पण आज आपण कुठं उभे आहोत हे माहीत नसेल, तर पुढे किती सरकलो हे मोजणार कशावरून?

रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि लिहा. एका दिवसाचा आकडा बघून खूश किंवा नाराज होऊ नका. आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झालं, लग्नात जेवलात किंवा पोट साफ झालं नाही, तर किलोभर इकडंतिकडं होतं. सात दिवसांची बेरीज करून सातानं भागा. त्या आठवड्याचं खरं वजन तेच. दुकानातल्या काट्यावर रोज जमत नसेल तर आठवड्यातले तीन दिवस ठरवा आणि तिन्ही दिवस एकाच वेळी जा. मुली आणि बायकांनी आणखी एक काळजी घ्यावी. पाळीच्या आसपास पाणी साठून वजन एक-दोन किलो वाढू शकतं, म्हणून या महिन्यातला आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघावा.

टेप आठवड्यातून एकदा: नाभीवर कंबर, सैल सोडलेला दंड, मांडीचा मध्य, छाती. दंडाला आणि मांडीला कुठं टेप लावायची ती जागा हाडापासून मोजून ठरवा, म्हणजे दरवेळी जागा तीच राहील. दंड फुगवून मोजलात तर तो आकडा निरुपयोगी आहे.

आता खाणं. पहिल्यांदा काटा घेऊन बसलो तेव्हा माय म्हणाली, “काय करालास रे? घरची भाकर कुणी मोजून खातंय का?” मी तिला दहा भाकरींचं पीठ आधी तोलायला लावलं. ८१० ग्रॅम भरलं, म्हणजे तिची एक भाकरी साधारण ८० ग्रॅम पिठाची. शेजारच्या काकूंची मोजली तर १२० ग्रॅमच्या वर गेली. दोघींच्याही घरी ‘चार भाकरी खातो’ असंच म्हणतात, पण एकाच्या पोटात ३२० ग्रॅम पीठ जातं आणि दुसऱ्याच्या जवळपास ५०० ग्रॅम. नेटवरच्या यादीतली ‘एक भाकरी = अमुक कॅलरी’ आपल्या कामाची नाही, ती यामुळे. आपल्या घरची भाकरी एकदा तोला. मग रोज तोलायची गरज नाही, मोजली तरी पुरे.

वरणाचंही तसंच. ‘मी रोज दोन वाट्या वरण खातो, मला प्रोटीन कमी कसं?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. शिजायला टाकण्याआधी कोरडी डाळ तोला आणि ती किती वाट्यांत वाटली गेली ते बघा. आपल्याकडच्या पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ २० ते २५ ग्रॅमच असते, म्हणजे प्रोटीन पाच ग्रॅमच्या आसपास. येसर आमटीत भाकरी कुस्करून खाण्याची चव वेगळीच, पण तिच्यात त्याहूनही कमी. रविवारच्या मटणाचा हिशेब करताना रस्सा धरू नका. प्रोटीन फोडीत असतं, आणि किलोभर मटणात हाडाचं वजनही धरलेलं असतं.

पडताळा: दोन आठवड्यांनी वहीत दोन सरासरी वजनं, दोन वेळची टेपची मापं आणि किमान दहा दिवसांचं खाणं लिहिलेलं हवं. नसेल तर आणखी एक आठवडा इथंच थांबा.

टप्पा ३: वजन उचलण्याआधी हालचाल शिका

माणसाला पाच हालचाली आल्या की पुरे: बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, समोर ढकलणं, स्वतःकडे ओढणं आणि डोक्यावर ढकलणं. जिममध्ये याच हालचालींना स्क्वॅट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस किंवा पुश-अप, रोइंग किंवा पुल-अप आणि शोल्डर प्रेस म्हणतात. बायसेप्सचे सहा प्रकार नंतर करायला वेळ आहे.

सगळ्यात जास्त चुकतं ते वाकून उचलणं. गावाकडे आपण गोणी उचलताना पाठीची कमान करूनच उचलतो, तीच सवय जिममध्ये येते. एक सोपी तालीम सांगतो. एक सरळ काठी पाठीवर उभी धरा. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, खांद्याच्या दोन पात्यांच्या मधली जागा आणि माकडहाड. आता गुडघे किंचित वाकवा आणि ढुंगण मागं नेत खाली वाका, जणू मागचं दार ढुंगणानं लोटायचंय. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर हालचाल बरोबर. माकडहाडावरची काठी सुटली की तिथंच थांबा, सध्या तुमची मर्यादा तेवढीच आहे. रोज २० वेळा, दोन आठवडे. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्यासारख्या वाटायला हव्यात, कंबरेत कळ यायला नको.

बसून उठण्यासाठी मागं लोखंडी खुर्ची ठेवा, काठावर हलकं टेकून उठा. टाचा जमिनीवरच. गुडघे आत कोसळत असतील तर वजन घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

जिम नसेल तर काम अडत नाही. खताची रिकामी पोती दुहेरी करून त्यात वाळू भरा आणि तोंड घट्ट शिवा. २० लिटरचा पाण्याचा जार भरला की २० किलो होतो, हे तर आयतं मोजलेलं वजन. युरियाची भरलेली गोणी ४५ किलोची असते. पहिल्या महिन्यात तिच्या नादी लागू नका.

तालमीतल्या जोर-बैठकांबद्दल बोलायलाच हवं, कारण मराठवाड्यात अजून कितीतरी गावांत पोरं तिथूनच सुरुवात करतात. जोर-बैठका उत्तम व्यायाम आहे. पण ज्याला १०० बैठका सहज निघतात त्यानं २०० केल्या तर दमसास वाढतो, मांडीची ताकद फारशी वाढत नाही. ताकद हवी असेल तर अवघड करत जावं लागतं: पाठीवर वाळूची पिशवी घ्या, खाली जाताना तीन सेकंद लावा, मग एका पायावर करून बघा. संख्या ५ ते १५ मध्ये राहील इतकी अवघड.

टप्पा ४: वेळापत्रक आणि वजन वाढवण्याचा नियम

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. दर दिवशी पाचांपैकी चार हालचाली, प्रत्येकीचे तीन सेट (न थांबता केलेली एक फेरी म्हणजे एक सेट). दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती. घाई करून दम लागला म्हणजे जास्त फायदा झाला, असं होत नाही. दम हृदयाला लागलेला असतो आणि स्नायूचं काम अर्धवट राहतं.

वजन असं निवडा की ८ ते १२ वेळा उचलता येईल आणि सेट संपताना ‘अजून दोन निघाले असते’ असं वाटेल. वहीत असं लिहायचं:

‘स्क्वॅट ४० किलो: १०, ९, ८. शिल्लक २.’

नियम साधा आहे. तिन्ही सेटमध्ये १२ निघाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. वाढवल्यावर संख्या परत ८-९ वर येईल. पुन्हा १२ पर्यंत चढा. वाळूच्या पिशवीत तोलून दोन किलो वाळू घालणं हे त्याचंच घरगुती रूप. ज्या दिवशी वहीतली मागची ओळ ओलांडता येत नाही, त्या दिवशी ती ओळ टिकवा. तीन वेळा लागोपाठ अडकलात तर वजन दहा टक्क्यांनी कमी करून परत चढा.

नव्या माणसाची ताकद पहिल्या चार-सहा आठवड्यांत झपाट्यानं वाढते. त्यातला बराचसा भाग मेंदू आणि मज्जातंतू ती हालचाल शिकतात म्हणून असतो, स्नायू अजून तेवढा वाढलेला नसतो. आरशात काही दिसत नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात सगळा बेत बदलणारे इथंच फसतात.

सावध: पहिल्याच दिवशी जोशात शेकडो बैठका मारू नका. अंग प्रमाणाबाहेर सुजलं, प्रचंड दुखलं आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली तर स्नायू तुटून त्यातली द्रव्यं किडनीवर येत असतात. घरी पाणी पीत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं साधं अंगदुखणं वेगळं, ते आपोआप कमी होतं.

टप्पा ५: आता प्रोटीन

व्यायाम तीन आठवडे नियमित झाला की मग खाण्याला हात लावायचा. आधी नाही. बहुतेक जण उलटं करतात.

निरोगी माणसाच्या रोजच्या गरजेसाठी आयसीएमआरनं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं) दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. स्नायू वाढवायचा असेल तर १.६ ग्रॅमच्या आसपास गाठावं. २ च्या वर जाऊन हाती फारसं काही लागत नाही. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला साधारण १०४ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही, डॉक्टर सांगतील तोच खरा.

घरच्या अन्नातून हे जमतं. माझा स्वतःचा शाकाहारी दिवस असा असतो:

- ज्वारीच्या चार भाकरी (३२० ग्रॅम पीठ): ३२ ग्रॅम
- तूर किंवा मूगडाळ ६० ग्रॅम कोरडी, घट्ट वरण: १३
- सोया चंक्स ५० ग्रॅम कोरडे: २६
- हरभरे किंवा मटकी ४० ग्रॅम कोरडी: ८
- दूध-दही मिळून अर्धा लिटर: १७
- शेंगदाणे ३० ग्रॅम, चटणीतले धरून: ७

बेरीज १०३. अंडी खात असाल तर एका अंड्याचे सहा ग्रॅम प्रोटीन धरा आणि तेवढ्या प्रोटीनचे चंक्स कमी करा.

ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत आणि सोयाबीनमध्ये ते भरपूर असतं. भाकरी-वरण एकमेकांची उणीव भरून काढतात, म्हणून नुसती भाकरी-ठेचा खाऊन ३२ ग्रॅम मोजणं फसवं आहे. ताटात डाळ किंवा उसळ हवीच.

सोयाबीनबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. लातूरच्या बाजारात त्याचे ढीगच्या ढीग लागतात, आपल्याच शेतातून पोतीच्या पोती मोंढ्यात जातात, आणि आपण त्याच पैशांतून पावडरचा डबा आणतो. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, तूरडाळीत २२. पण कच्चं किंवा नुसतं भिजवलेलं सोयाबीन खाऊ नका. त्यात प्रोटीन पचू न देणारी द्रव्यं असतात, ती उष्णतेनं निकामी होतात. उकळत्या पाण्यात २० ते २५ मिनिटं उकळा, निथळून कडक वाळवा आणि मग गव्हात मिसळून दळा; दहा किलोला एक किलो हे प्रमाण घरात कुणाला चवीवरून कळतही नाही.

कच्ची अंडी ग्लासात फोडून पिण्याची फॅशनही बंद करा. कच्च्या अंड्यातलं प्रोटीन जवळपास निम्मंच अंगी लागतं, उकडलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास. शिवाय जंतुसंसर्गाची भीती आहेच.

प्रोटीन तीन-चार जेवणांत विभागा. आपला सकाळचा नाश्ता यात सगळ्यात कमजोर असतो. सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांची) किंवा पोहे भरपेट खाल्ले तरी चार-पाच ग्रॅमच्या वर जात नाही. सुशीला सोडू नका, तिच्यासोबत मूठभर फुटाणे आणि वाटीभर दही घ्या. ५० ग्रॅम फुटाण्यांत दहा ग्रॅम मिळतात. प्रोटीन एकदम दुप्पट करू नका, दर आठवड्याला १५ ग्रॅमनं वाढवा. नाहीतर पोट फुगतं आणि ‘मला सोया सोसत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष वहीत जातो.

सावध: मेडिकलमधून किंवा कुणा ओळखीच्याकडून मिळणाऱ्या ‘वजन वाढवायच्या गोळ्या’ घेऊ नका. त्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असू शकतं. त्यानं भूक वाढते, चेहरा गोल होतो, वजन भरतं, पण ते औषध स्नायू झिजवतं. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना खरं सांगून त्यांच्या सल्ल्यानं कमी करा. जिममध्ये मिळणाऱ्या इंजेक्शनांबद्दल एकच शब्द: नको.

टप्पा ६: मग कॅलरी

प्रोटीन स्थिर झालं की वजनाच्या सरासरीकडे बघा. अंगानं बारीक माणसाचं वजन आठवड्याला पाव ते अर्धा टक्का वाढावं, म्हणजे ६५ किलोला १६० ते ३२५ ग्रॅम. दोन आठवड्यांत काहीच वाढलं नाही तर रोज २५० कॅलरी घाला. एक भाकरी घातली की ते जमतं, नाहीतर ४० ग्रॅम शेंगदाणे आणि थोडा गूळ. वाढ यापेक्षा वेगानं होत असेल तर तेवढंच कमी करा. नव्या माणसाला अगदी छान जमलं तरी महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू; त्यावरचं वजन बहुतेक पोटावर जातं.

आधीच पोट सुटलेलं असेल तर कॅलरी वाढवूच नका. प्रोटीन तेवढंच ठेवून तेल आणि साखर थोडी कमी करा. सुरुवातीच्या काही महिन्यांत चरबी घटत असतानाही ताकद आणि स्नायू वाढतात.

पडताळा: दंड आणि मांडी वाढतेय, वहीतली उचलण्याची वजनं चढतायत आणि कंबर तेवढीच आहे, तर काहीही बदलू नका. कंबर दंडापेक्षा वेगानं वाढतेय, तर खाणं जास्त होतंय. अंगाचं वजन वाढतंय पण उचलण्याची वजनं अडलीत, तर आधी झोप बघा. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या माणसानं खाण्यात फेरफार करून उपयोग होत नाही.

टप्पा ७: प्रयोग, एका वेळी एकच

इथपर्यंत तीन महिने जातात. आता तुमच्याकडे स्थिर खाणं, स्थिर व्यायाम आणि त्यांची लेखी नोंद आहे. आता ‘मला काय लागू पडतं’ हे विचारण्यात अर्थ आहे.

१. वहीच्या नव्या पानावर एकच प्रश्न लिहा. ‘प्रत्येक हालचालीचे तीनऐवजी चार सेट केले तर माझी ताकद जास्त वाढते का?’ किंवा ‘रात्री एक तास लवकर झोपलो तर?’ ‘शरीर कसं सुधारेल?’ हा प्रश्न नाही, कारण त्याचं उत्तर मोजता येत नाही.

२. त्याच्याखाली लिहा की कोणता आकडा बघून ठरवणार. मी ताकदीसाठी सोपा हिशेब वापरतो. उचललेलं वजन गुणिले (१ + वेळा भागिले ३०). ५० किलो आठ वेळा उचलले तर ५० × १.२७, म्हणजे साधारण ६३ किलो. हा एका झटक्यात उचलता येईल त्या वजनाचा अंदाज. प्रत्यक्ष तेवढं उचलून बघायची गरज नाही. वेळा दहाच्या आत असतील तर अंदाज बरा येतो.

३. सहा आठवडे चालवा. त्या काळात बाकी काहीही बदलू नका, जिमची वेळसुद्धा.

४. सहा आठवड्यांनी आधीच्या सहा आठवड्यांशी तुलना करा. फरक दिसला तर लगेच जाहीर करू नका. जुन्या पद्धतीवर परत जा, तीन-चार आठवडे थांबा, मग पुन्हा नवी पद्धत लावा. दुसऱ्यांदाही तोच फरक दिसला तर तो तुमच्यासाठी खरा माना.

चौथी पायरी कुणीच करत नाही. कंटाळा येतो, हे मला मान्य आहे. पण पहिल्यांदा दिसलेला फरक कधी हवामानाचा असतो, कधी सुट्टीचा, कधी नुसत्या उत्साहाचा.

क्रिएटिनवर (ताकदीसाठी घेतात ती पूरक पावडर; तपासणीतलं क्रिएटिनिन वेगळं) प्रयोग करायचा असेल तर रोज ३ ते ५ ग्रॅम पुरे. पहिल्या आठवड्यात किलोभर वजन वाढलं तर ते स्नायूंत साठलेलं पाणी आहे, त्याला यश समजू नका. ते चालू असताना रक्तातलं क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं, म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आधी सांगा. प्रोटीन पावडर घ्यायचीच असेल तर घरच्या अन्नातून जेवढे ग्रॅम कमी पडतात तेवढ्यापुरतीच, आणि डब्यावरचा एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) परवाना क्रमांक बघून.

प्रयोग कधी सुरू करू नये

आपल्याकडच्या वर्षात काही काळ असे आहेत की प्रयोग फसणारच. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो. त्या दिवसांत व्यायाम सकाळी सातच्या आत उरका आणि नवा प्रयोग लावू नका. उन्हानं भूकच मरते. घाम खूप जात असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट प्या.

जूनमधली पेरणी आणि ऑक्टोबरातली सोयाबीनची काढणी या काळात जे शेतात राबतात त्यांनी व्यायाम दोन दिवसांवर आणावा, सेट निम्मे करावेत. दिवसभर वाकून सोयाबीन कापलेल्या पाठीला संध्याकाळी डेडलिफ्ट लावणं हा थेट दुखापतीचा रस्ता आहे. सुगीत ताकद टिकली तरी खूप झालं.

नवरात्रातले नऊ दिवस साबुदाण्यावर काढणार असाल, तर त्यात प्रोटीन नावालाच असतं. दूध, दही, शेंगदाणे आणि राजगिरा वाढवा. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्यांनी व्यायाम इफ्तारनंतर तासा-दीड तासानं ठेवावा आणि सहरीत दही, अंडी किंवा घट्ट डाळ असू द्यावी. दोन्ही वेळा वही चालू ठेवा, फक्त पानाच्या कोपऱ्यात ‘उपवास’ किंवा ‘रोजा’ असं लिहा. सहा महिन्यांनी पान उलटताना अचानक घसरलेला आकडा दिसला की कारण शोधत बसावं लागणार नाही.

भरतीची तयारी करणाऱ्यांना शेवटचं. १६०० मीटर धावणं आणि गोळाफेक यांचा सराव याच आठवड्यात बसवायचा असेल, तर पायांचा जड व्यायाम आणि वेगाची धाव एकाच दिवशी ठेवा, व्यायाम आणि धाव यांत काही तासांचं अंतर राखा. मग दुसरा दिवस पूर्ण विश्रांतीला मिळतो. आज एकाचं, उद्या दुसऱ्याचं असं केलं की पाय कधीच ताजे राहत नाहीत आणि वहीत दोन्हीकडचे आकडे एकदम अडतात. मैदानी चाचणीला सहा आठवडे उरले की स्नायू वाढवण्याचे प्रयोग बंद करा, आहे ते वजन आणि आहे ते खाणं तसंच ठेवा, आणि वहीचं नवं पान धावण्याच्या वेळेसाठी उघडा.